मदत हवी आहे: ओंकारेश्वर-महेश्वर-मांडूला गाड्या उभ्या करून फिरायचंय, चोरीपासून कशा वाचवायच्या?

रामबागकर

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पुढच्या महिन्यात मी आणि मामा दोन गाड्यांवर निघतोय, पहिला मुक्काम ओंकारेश्वर, मग महेश्वर, मग मांडू आणि परत, सगळं मिळून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होईल. माझी 2016 ची पल्सर आहे आणि मामांची साइड व्हील (मागे दोन्ही बाजूंना आधाराची जादा चाकं) लावलेली ॲक्टिव्हा, 2022 च्या धनतेरसला घेतलेली. मामांच्या डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालाय, पण सिमरोलच्या घाटात ते माझ्या पुढे असतात, त्यामुळे चालवण्याचं टेन्शन नाही.

टेन्शन उभ्या गाडीचं आहे. ओंकारेश्वरला गाड्या अलीकडच्या काठावर ठेवून पूल पायी ओलांडावा लागतो, आणि मला बेटाची परिक्रमा करायचीय, सात किलोमीटर म्हणजे तीन तास आरामात जातात. मामा म्हणतात तू जा, मला कुठे परिक्रमा करायचीय, मी बसतो गाड्यांपाशी चहा पीत. तर मला तेच नकोय. 62 वर्षांचा माणूस इतक्या लांब येऊन गाड्या राखत बसणार असेल तर मग कशाला जायचं? त्यांना नावेतून बेटाभोवती फिरवून आणायचं माझ्या मनात आहे, पण मागे कोणी नसताना गाड्या जागेवर राहतील याची खात्री हवी.

भीती उगाच नाही. 2019 मध्ये माझी स्प्लेंडर सराफ्याजवळून गेलीय. रात्री साडेदहाला हँडल लॉक करून लावली, भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खाऊन वीस-पंचवीस मिनिटांत परत आलो तर तिथे दुसरीच कुठली तरी स्कूटी उभी. मी आधी दोन गल्ल्या शोधत राहिलो की आपणच जागा विसरलो. तेव्हा हँडल लॉक सोडून काही नव्हतं. आता माझी गाडी गेली तर मी सिटी बसने जाईन पण मामांची गेली तर त्यांचे पायच जातील, दुसरी आणून साइड व्हीलची किट बसवेपर्यंत दोन महिने घरात. कोणाला अनुभव असेल तर सांगा, बजेट दोन्ही गाड्यांचं मिळून तीन-साडेतीन हजार.

बडोद्याचा_बुलेटवाला

हँडल लॉकला लॉक समजूच नका. आत बोटाएवढी पिन असते, सरावलेला चोर दोन झटक्यांत मोकळी करतो. मी बडोद्याहून दरवर्षी एक तरी लांबची ट्रिप करतो आणि नेहमी दोन वेगळ्या जातीची कुलपं लावतो, म्हणजे एक डिस्क लॉक (ब्रेकच्या डिस्कच्या भोकात अडकवायचं कुलूप) आणि एक चेन, कारण दोन्हींना दोन वेगळी हत्यारं लागतात आणि वेळ दुप्पट जातो. चोराला तुमच्याच गाडीचं काही पडलेलं नसतं, शेजारची सोपी दिसली की तो तिकडे वळतो.

चेन घेताना सायकलची प्लास्टिक चढवलेली वायर घेऊ नका, ती पक्कडने तुटते. कडक पोलादाची, 10 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी कड्यांची, वरून कापडी खोळ असलेली घ्या. दोन-अडीच किलो वजन होतं, होऊ द्या. लावताना मागच्या चाकातून आणि स्विंग आर्ममधून (मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा) घालायची, आणि मुख्य म्हणजे जमिनीवर लोळू द्यायची नाही. जमिनीवर पडली की कटरचा एक दांडा खाली टेकवून वरून अंगाचं वजन टाकता येतं. लटकती राहिली तर तेवढा जोर लावता येत नाही.

तुमच्या दोन गाड्या आहेत ते तर बेस्ट. खांब शोधत बसू नका, दोन्ही एकमेकींना बांधा. एक मोटरसायकल दोघं उचलून छोटा हाथी टेम्पोमध्ये टाकतात, दोन बांधलेल्या कोण उचलणार.

छप्पनचा_भिया

भिया सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कव्हर. साधं मळकं करडं कव्हर घाला, खाली पल्सर आहे की खटारा कळतच नाही. चोर गाडी आधी हेरतो, मॉडेल बघतो, कुलूप बघतो, कव्हर काढून बघायला लागलं की चार लोकांची नजर जाते. मी तर पोहे खायला गेलो तरी घालतो (बायको हसते, हसू दे).

रामबागकर

धन्यवाद दोघांनाही. पल्सरला पुढे डिस्क आहे म्हणजे डिस्क लॉक लागेल. पण मामांच्या गाडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक, तिथे डिस्क लॉक अडकवणार कशात? आणि मागे साइड व्हीलमुळे सगळं भरलेलं, चेन नक्की कुठून घालू?

ग्रीस_आणि_पाना

गॅरेज आहे माझं, साइड व्हीलची किट पण बसवतो, म्हणून सांगतो. ड्रमवाल्या स्कूटरला डिस्क लॉक विसरा. पुढच्या रिमला भोकं असतात, तिथून चेन घालून फोर्कच्या पायाला गुंडाळा, ही एक जागा. दुसरी जागा मागे, किटचा जो आडवा लोखंडी ब्रॅकेट चॅसिसला बोल्टने कसलेला असतो त्याच्या आतून. फक्त साइडच्या चाकाला चेन लावू नका, ते चाक चार नटांवर असतं, नट खोलले की चाक चेनला लटकत राहील आणि गाडी जाईल. हे हसण्यासारखं वाटतं पण एका गिऱ्हाइकाबरोबर झालंय.

या गाडीची एक गोष्ट उलटी आहे. साधी स्कूटर मेन स्टँडवर असते, ही आपल्या चाकांवर उभी, म्हणजे ढकलायला सोपी. त्यामुळे नेहमी पुढचं चाक भिंतीकडे, हँडल पूर्ण डावीकडे वळवून लॉक, आणि मागे आडवी तुमची पल्सर लावायची. मग आधी पल्सर हलवल्याशिवाय ती निघतच नाही. पल्सर फर्स्ट गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रलमध्ये नको. 2016 ची म्हणजे कार्ब्युरेटरवाली, पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) पण बंद करून जा. कोणी सुरू केलीच तरी कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल संपलं की थोड्या अंतरावर बंद पडेल.

मामांची बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांची, फ्यूल इंजेक्शनवाली), तिला कॉक नाही. तिचा मेन फ्यूज काढून खिशात टाकायचा, बॅटरीजवळ असतो, कुठला ते एकदा कोणाकडून समजून घ्या म्हणजे उगीच दुसराच उपटाल. वायर जोडून डायरेक्ट करणाऱ्याला फ्यूज नसला की आधी कळतच नाही काय झालं. चाबीच्या भोकावर मॅग्नेटिक शटर (झाकण) असेल तर उतरल्यावर ते बंद करायची सवय लावा, निम्मे लोक करत नाहीत, आणि मग मास्टर चाबीवाल्याला दारच उघडं. चाबी फार घासली असेल तर लॉक सेटच बदला, जुन्या घासलेल्या लॉकमध्ये कुठलीही चाबी फिरते.

डिस्क लॉक घेणार असाल तर सोबत तो पिवळा-नारिंगी स्प्रिंगसारखा वायर येतो तो हँडलपर्यंत लावाच. नाहीतर स्वतःच विसरून गाडी काढाल आणि पडाल. चोरापेक्षा या विसरण्याने डिस्क ब्रेकचे जास्त कॅलिपर तुटलेले मी बघितलेत.

ग्वाल्हेरची_सून

सगळे कुलपांचंच बोलताय, कागदांचं कोणी नाही. मी अकरा वर्षं क्लेमच्या कामात आहे म्हणून जरा मोठं लिहिते.

रामबागकर, आधी दोन्ही पॉलिसी काढून बघा की चोरी कव्हर आहे का. फक्त थर्ड पार्टी असेल तर गाडी गेल्यावर एक रुपया मिळत नाही. आणि इथेच लोक फसतात. सप्टेंबर 2018 पासून नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी एकदम 5 वर्षांची घ्यावी लागते, शोरूमवाला सांगतो पाच वर्षांचा इन्शुरन्स झाला, आणि आपण फाइल कपाटात ठेवतो. पण त्यातला ओन डॅमेज, ज्यात चोरी येते, तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो! मामांची 2022 ची आहे ना, आजच बघा.

दुसरं, साइड व्हीलची आरसीत नोंद हवी आणि पॉलिसीतही. नोंद असेल तर दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला ओन डॅमेज प्रीमियमवर 50 टक्के सूट आहे, एजंट स्वतःहून सांगत नाहीत, तुम्ही मागा. किटची किंमत आयडीव्हीत (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, गाडी गेल्यावर तेवढीच मिळते) वेगळी धरून घ्या, नाहीतर नुसत्या स्कूटरचेच पैसे मिळतील. आयडीव्ही तसाही दरवर्षी उतरतो, तिसरं वर्ष संपलं की मूळ किमतीतून 40 टक्के गेलेले असतात, चौथं संपलं की 50.

तिसरं, किल्ल्या. क्लेमला दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागतात. दुसरी ट्रिपला नेऊ नका, घरी ठेवा. आणि ओरिजिनल आरसी डिकीत ठेवायची सवय असेल तर सोडा, ती चोराला आयती मिळते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कॉपी पोलिसांना चालते.

आणि देव न करो पण गेलीच तर आधी 112, मग जवळचं ठाणं. आपल्या हद्दीत येत नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात होणारी) मागा, ती घ्यावीच लागते. मध्य प्रदेश पोलिसांच्या साइटवर गाडी चोरीची ई-एफआयआर पण होते. त्याच दिवशी कंपनीला कळवा. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की एफआयआर लगेच केली असेल तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण त्या भांडणात वर्षं जातात, एका फोनने काम होत असेल तर कशाला. इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि गाडीवरच्या ओळखीच्या ओरखड्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवून द्या.

रामबागकर

ताई, किल्लीचं तुम्ही लिहिलंत आणि माझी जुनी जखम निघाली. स्प्लेंडरची दुसरी किल्ली हरवलेली होती, कंपनीने सहा महिने फिरवलं आणि शेवटी नॉन-स्टँडर्ड क्लेम (अट पूर्ण पाळली नाही म्हणून पैसे कापून) म्हणून 75 टक्क्यांवर गुंडाळलं. मला वाटायचं माझंच नशीब.

आणि आत्ता मामांकडे जाऊन फाइल बघून आलो. थर्ड पार्टी 2027 पर्यंत, ओन डॅमेज 2023 लाच संपलाय. इतकी वर्षं मामा उघड्यावर चालवतायत. मामी म्हणाल्या, पण कागद तर चांगला जाड आहे.

ग्वाल्हेरची_सून

घाबरू नका, नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो. खंड पडलाय म्हणून इन्स्पेक्शन मागतील, गाडीचे फोटो नाहीतर व्हिडिओ. निघायच्या आदल्या दिवशी करू नका, आठवडाभर आधी उरका.

पुण्यातून_पण_मूळचा_इंदूरचा

जीपीएस ट्रॅकर कोणी लिहिला नाही म्हणून. वायरिंगवाला घ्या, आत सिम असतं, गाडी हलली की मोबाइलवर अलर्ट येतो. एअरटॅग (वस्तू शोधायचा ॲपलचा छोटा बिल्ला) स्वस्त पडतो असं लोक सांगतात, पण तो आसपासच्या ॲपलच्या फोनवर चालतो, मांडूच्या एखाद्या पाड्यात गाडी नेली तर कोणाचा आयफोन तिथून जाणार? वर अनोळखी टॅग सोबत फिरतोय असं चोराच्याच फोनवर येतं.

ग्रीस_आणि_पाना

ट्रॅकर चांगला, फक्त स्कूटरची बॅटरी लहान असते, गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली तर ट्रॅकरच बॅटरी पिऊन टाकतो. आणि लोकेशन दिसलं म्हणून एकटे धावत जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

बडोद्याचा_बुलेटवाला

मुक्कामाचं पण बघा. बुकिंग करतानाच विचारायचं की गाडी गेटच्या आत लागते का, रस्त्यावर लावा म्हणाले तर दुसरीकडे. ओंकारेश्वरला गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे, आमच्याकडची मंडळी तिथेच उतरतात, मामांनाही बरं पडेल. आणि पावती देणारा स्टँड असेल तर दहा-वीस रुपयांकडे बघू नका, पावतीचा फोटो काढा, पावती गाडीवर खोचून जाऊ नका. हे मी लोकांना करताना बघितलंय, टाकीच्या बॅगेत पावती!

रामबागकर (दीड महिन्यानंतर)

मंडळी, जाऊन आलो, उशिरा लिहितोय त्याबद्दल सॉरी.

ओन डॅमेज घेतला, किटसकट, सूटही मिळाली. चेन 1,450 ची, डिस्क लॉक 600 चं, ट्रॅकर बजेटात बसला नाही. ओंकारेश्वरला पावतीवाल्या स्टँडवर भिंतीला ॲक्टिव्हा, मागे आडवी पल्सर, चेन पल्सरच्या मागच्या चाकातून आणि मामांच्या ब्रॅकेटमधून, जमिनीपासून वीतभर वर. फ्यूज मामांनी स्वतः काढला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. स्टँडवाला पोरगा बघत होता, म्हणाला, "अंकल, इतना तो हम तिजोरी में नहीं लगाते." वरून भियाने सांगितलं म्हणून 350 रुपयांचं करडं कव्हर दोन्हींवर मिळून टाकलं.

मामा कुबडी घेऊन घाटापर्यंत आले, नावेत बसले, मी पायी निघालो. अर्ध्या वाटेवर वरून खाली बघितलं तर एक नाव जात होती, त्यात टोपी घातलेले मामाच असावेत, हात केला, त्यांनी काही बघितलं नाही, नावाड्याशी गप्पा चालल्या होत्या. साडेतीन तासांनी आम्ही दोघं स्टँडवर आलो. गाड्या जागेवर, चेन तशीच, फ्यूज खिशात.

कव्हर गेलं.

छप्पनचा_भिया

😂 भिया, कव्हरच्या खालच्या कडेला दोन रिंगा असतात, चेन त्यातून पण घालायची असते ना!

रामबागकर

हे आधी लिहायचं होतंस.