ऑस्कर २०२५ : आत्तापासून अंदाज बांधण्यात अर्थ आहे का? तुमचे कोणते?

रीळवेडा_पुणे (२६ ऑक्टोबर २०२४)

नमस्कार मंडळी. दरवर्षी माझं असं होतं की जानेवारीत नॉमिनेशन्स आली की मगच मी सिनेमे शोधायला लागतो, आणि सोहळ्याचा दिवस उजाडतो तरी निम्मे बघायचे राहिलेले असतात. यंदा ठरवलंय की दिवाळीपासूनच लागायचं. सोहळा २ मार्चला आहे, नॉमिनेशन्स १७ जानेवारीला, म्हणजे वेळ भरपूर आहे.

पण नेटवर बघावं तर आत्ताच सगळ्यांच्या याद्या तयार आहेत. 'अनोरा', 'द ब्रुटलिस्ट', 'कॉन्क्लेव्ह', 'एमिलिया पेरेझ' ही चार नावं जवळपास प्रत्येक यादीत दिसतायत, आणि गंमत म्हणजे 'ग्लॅडिएटर टू' आणि 'विकेड' अजून थेटरात लागलेसुद्धा नाहीत तरी लोक त्यांना नंबर देऊन मोकळे झालेत. मला खरंच समजून घ्यायचंय की हे कशावरून ठरवतात, नुसती हवा असते की फेस्टिवलवरून खरंच काही कळतं?

आणि दुसरं, जे मला जास्त टोचतंय. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला मे महिन्यात फ्रान्समधल्या कान फेस्टिवलला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस, मिळालं, पायल कपाडियाचा सिनेमा, ३० वर्षांनी भारतीय सिनेमा तिथे मुख्य स्पर्धेत होता. आणि आपल्या फिल्म फेडरेशनने भारतातर्फे ऑस्करला 'लापता लेडीज' पाठवला. मग 'ऑल वी इमॅजिन' ऑस्करमधून बादच झाला का आता? कोणी नीट सांगेल का.

अदिती_टोरांटो

मी इथे टोरांटोत राहते आणि सप्टेंबरच्या फेस्टिवलसाठी दरवर्षी सुट्टी काढते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं थोडं सांगू शकते.

हवा असतेच, पण नुसती हवा नसते. ऑगस्टच्या शेवटापासून व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरांटो असे तीन फेस्टिवल लागोपाठ येतात आणि स्टुडिओवाले आपले दमदार सिनेमे तिथेच आणतात, कारण पत्रकार, समीक्षक, ऑस्करला मत देणारे अकादमीचे बरेच मेंबर, सगळे त्या दोनतीन आठवड्यांत तिथे असतात. आमच्याकडे ज्युरीचं मोठं बक्षीस नाही, प्रेक्षकांचं आहे, पीपल्स चॉइस. तिकीट काढलेले साधे लोक ऑनलाइन मत देतात. आणि २०१२ पासून गेल्या वर्षीपर्यंत, सलग १२ वर्षं, ज्याला ते मिळालं त्याला बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन मिळालंच आहे. 'ग्रीन बुक' आणि 'नोमॅडलँड' तर पुढे जिंकलेसुद्धा. पण यंदा ते 'द लाइफ ऑफ चक'ला गेलं आणि फेस्टिवलच्या वेळी त्याला वितरकच नव्हता. तेव्हा ही साखळी यंदा तुटणार असं माझं मत आहे. दुसरा नंबर 'एमिलिया पेरेझ'चा आणि तिसरा 'अनोरा'चा आला, ते लक्षात ठेवा.

'कॉन्क्लेव्ह' मी भरलेल्या हॉलमध्ये पाहिला. नवीन पोप निवडायला कार्डिनल लोकांना कोंडून घेतात एवढीच गोष्ट, पण आपल्याकडे सरपंचाच्या निवडणुकीत मेंबर फुटतात तशी फोडाफोडी चालते आणि राल्फ फाइन्सचा चेहरा बघत राहावं असं काम आहे. शेवटच्या वळणावर माझ्या शेजारच्या आजी मोठ्याने "ओह" म्हणाल्या आणि मग अख्ख्या रांगेत कुजबुज सुरू झाली. असा सिनेमा कोणाला नावडत नाही, आणि ऑस्करला ही फार मोठी गोष्ट आहे.

'ब्रुटलिस्ट' वेगळाच. ३ तास ३५ मिनिटं आणि त्यात पडद्यावर घड्याळ लावून १५ मिनिटांचं मध्यंतर. आपण मध्यंतर घेऊन सिनेमे बघत मोठे झालो, पण इथली मंडळी त्या घड्याळाकडे बघून चकित झाली होती. एवढा भव्य दिसतो आणि खर्च म्हणे एक कोटी डॉलरच्या आत. व्हेनिसला ब्रॅडी कॉर्बेटला दिग्दर्शनाचा सिल्व्हर लायन मिळालाय. दिग्दर्शन आणि नट (त्यातला एड्रियन ब्रॉडी) या दोन जागी मला तोच दिसतोय.

नाना_डोंबिवली

अरे रीळवेड्या, अंदाज बांध, जरूर बांध, पण आधी मतदान कसं होतं ते बघ, नाहीतर दरवर्षी चुकशील. मी पंधरा वर्षं वहीत अंदाज लिहून ठेवतो, पेनाने, म्हणजे नंतर खोडता येत नाही.

बाकी सगळ्या विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकला, सरळ हिशोब. बेस्ट पिक्चरला मात्र पसंतीक्रम असतो. तू पदवीधर मतदारसंघात मत दिलं असशील तर लगेच कळेल. दहाच्या दहा सिनेमांना १, २, ३ असे नंबर द्यायचे. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसली की सगळ्यात खालचा सिनेमा बाद, त्याच्या मतपत्रिकांवर दुसरा नंबर ज्याला असेल त्याच्याकडे ती मतं जातात, मग पुन्हा खालचा बाद, असं कोणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत. परवा जुलैत विधान परिषदेला आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून दुसऱ्या पसंतीचा खेळ बघितलाच की.

म्हणजे काय, की थोड्यांचा जीव की प्राण आणि बाकीच्यांना डोक्यावरून गेलेला सिनेमा मागे पडतो, आणि सगळ्यांच्या यादीत दुसरा तिसरा असलेला पुढे सरकतो. 'रोमा'ला दिग्दर्शनाचं मिळालं आणि पिक्चर 'ग्रीन बुक' घेऊन गेला ते आठव. 'कोडा'ला तर फक्त ३ नॉमिनेशन्स होती, दिग्दर्शन नाही, एडिटिंग नाही, आणि तिन्ही जिंकला. म्हणून अंदाज बांधताना 'सगळ्यात भारी कोणता' असं विचारू नकोस, 'कोणाच्या यादीत हा तळाला जाणार नाही' असं विचार. त्या हिशोबाने 'कॉन्क्लेव्ह' आणि 'अनोरा' वर, 'एमिलिया पेरेझ' खाली. त्यात गाणी आहेत, टोळीवाला आहे, आवडला तर जाम आवडतो नाहीतर अजिबात नाही.

न पाहिलेल्या सिनेमाला नंबर देणं मी सोडून दिलंय. 'जोकर'च्या दुसऱ्या भागाचं बघ, पहिल्याला ११ नॉमिनेशन्स होती म्हणून यंदाच्या सुरुवातीपासून लोकांनी तो धरला होता, व्हेनिसला दाखवला आणि तिथेच हवा गेली. आणि सिनेमा हिवाळ्यातच यायला हवा हेही खरं नाही. 'ओपनहायमर' जुलैत आला होता, 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर' मार्चमध्ये, दोघांनी सात सात नेली. 'ड्यून'चा दुसरा भाग मार्चमध्ये आला म्हणून त्याला विसरू नका.

खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असते, निर्मात्यांच्या गिल्डचं बक्षीस. त्यांची पद्धतही पसंतीक्रमाचीच आहे. तोपर्यंत वही उघडी.

मालवणी_मेघा

दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण 'ऑल वी इमॅजिन' मी गेल्या आठवड्यातच मामीला, म्हणजे मुंबईच्या फिल्म फेस्टिवलला, पाहिलाय, फेस्टिवलची ओपनिंग फिल्मच होती, आणि अजून डोक्यातून जात नाहीये.

बाद झालेला नाही! भारताने पाठवला नाही म्हणून तो फक्त इंटरनॅशनल फीचर (इंग्रजी नसलेले परदेशी सिनेमे) या एका विभागातून गेला, कारण तिथे एका देशाला एकच सिनेमा पाठवता येतो. बाकी सगळे विभाग उघडे आहेत, मुख्य अट अशी (बेस्ट पिक्चरला याहून जास्त आहेत) की ठरलेल्या काही अमेरिकन शहरांपैकी एका ठिकाणी तो सात दिवस थेटरात लागला पाहिजे, आणि तो नोव्हेंबरमध्ये तिकडे लागतोय. 'आरआरआर' तरी कुठे भारताची एंट्री होती, गाण्याचं ऑस्कर आणलंच ना. आणि गेल्याच वर्षीचं बघा, 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल'ला कानचा पाम दोर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळाला होता तरी फ्रान्सने दुसराच सिनेमा पाठवला, आणि तरी 'अ‍ॅनाटॉमी'ला बेस्ट पिक्चरसकट ५ नॉमिनेशन्स मिळाली आणि पटकथेचं ऑस्करही. म्हणजे रस्ता आहे, अवघड आहे पण आहे. यंदा फ्रान्सच्या शॉर्टलिस्टमध्ये 'ऑल वी इमॅजिन' होता, शेवटी त्यांनी 'एमिलिया पेरेझ' घेतला.

फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं की ज्युरीला हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. ते वाचून मला खूप वाईट वाटलं. अहो त्यात छाया कदमची पार्वती आहे, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची, चाळीतल्या खोलीचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय. रात्री ती आणि तिथलीच नर्स प्रभा जाऊन त्या बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात. ती ज्या सुरात मराठी बोलते तो माझ्या मोठ्या काकूचा सूर आहे, परळला ३० वर्षं राहून शेवटी गावाला परत गेली ती. हे युरोपियन कसं? मुंबईतल्या किती घरांत हे झालंय.

आणि एक राइस कुकर आहे, जर्मनीहून आलेला, कोणी पाठवला त्याची चिठ्ठी नाही काही नाही. प्रभा रात्री एकटी किचनच्या फरशीवर बसून त्याला मिठी मारते. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई तेव्हा चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

माझा अंदाज, दिग्दर्शनाला पायल कपाडिया पहिल्या दहा नावांत नक्की असेल. त्यातून पाचात आली तर मी पेढे वाटीन.

सोलापूर_सिने

मेघाताई, तुमचं म्हणणं पटतंय पण 'लापता लेडीज'वर अन्याय नको. मी हा सिनेमा थेटरात दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो आणि घरी येईपर्यंत ती मंजू माईचीच वाक्यं म्हणत होती. आणि मंजू माई कोण, तर छाया कदमच! म्हणजे दोन्ही सिनेमांत आपलीच बाई आहे. मेमध्ये ती आईची साडी नेसून, आईचीच नथ घालून कानला गेली होती, तो फोटो मी अजून जपून ठेवलाय. 'फँड्री'पासून बघतोय तिला.

प्रश्न असा आहे की ऐंशीच्या वर देश सिनेमे पाठवतात, १७ डिसेंबरला त्यातले १५ निवडतात आणि मग पाच. तिथे 'लापता लेडीज'ला फ्रान्सच्या 'एमिलिया पेरेझ'शी आणि ब्राझीलच्या 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'शी लढायचंय. आपली आजवर फक्त तीन नॉमिनेशन्स आहेत, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान', म्हणजे २३ वर्षं होत आली. आणि तिकडे नुसता चांगला सिनेमा असून भागत नाही, मतदारांना दाखवावा लागतो, खेळ लावा, जाहिराती द्या, माणसं तिथे नेऊन बसवा, सगळा पैशाचा खेळ आहे.

२००४ ला 'श्वास' गेला होता तेव्हा मी आठवीत होतो. तिकडे प्रचाराला पैसे कमी पडतायत म्हणून लोक वर्गणी काढत होते, आमच्या वर्गातही पत्र्याचा डबा फिरवला होता, मी खाऊचे पाच रुपये टाकले. नॉमिनेशन आलं नाही त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. नंतर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला, 'कोर्ट' गेला, तेही पुढे गेले नाहीत. म्हणून सांगतो, कुठला का असेना, यंदा आपला एक सिनेमा तरी त्या १५ मध्ये दिसू दे. माझ्या मते 'लापता लेडीज' हसवतो आणि सोपा आहे म्हणून चान्स आहे, पण खात्री देणार नाही.

अदिती_टोरांटो

सोलापूर, ब्राझीलचा विषय काढलात म्हणून. 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'मधल्या फर्नांडा टोरेसवर लक्ष ठेवा. तिच्या आईला, फर्नांडा मोंटेनेग्रोला, 'सेंट्रल स्टेशन'साठी नॉमिनेशन होतं, तेव्हा ते ग्वेनेथ पॅल्ट्रोला गेलं. ब्राझीलची मंडळी ते अजून विसरलेली नाहीत आणि यंदा लेकीसाठी सगळा देश मागे लागलाय. आईसुद्धा या सिनेमात आहे, शेवटी थोडाच वेळ, एक शब्द न बोलता. बेस्ट अ‍ॅक्ट्रेसला मी 'अनोरा'ची मायकी मॅडिसन, डेमी मूर, आणि ही, तीन नावं धरते.

नाना_डोंबिवली

मेघा, पेढ्यांचं मी वहीत लिहून ठेवलंय.

अदिती, 'अनोरा'बद्दल एक भर. यंदाचा पाम दोर त्यालाच मिळालाय. कानचा पाम दोर आणि बेस्ट पिक्चर दोन्ही घेणारा शेवटचा 'पॅरासाइट', त्याच्या आधी १९५५ चा 'मार्टी'. इतकं क्वचित होतं ते. पण 'पॅरासाइट'वाली वितरण कंपनीच 'अनोरा'च्या मागे आहे आणि सलग पाच वेळा पाम दोर त्यांच्याच सिनेमाला मिळतोय, त्यांना हा रस्ता तोंडपाठ आहे. म्हणून माझ्या वहीत पिक्चरला 'अनोरा', दुसरा 'कॉन्क्लेव्ह'. पेनाने.

रीळवेडा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. नाना, पसंतीक्रमाचं आता डोक्यात बसलं, घरी बायकोला आणि मेहुण्याला दहा सिनेमांची चिठ्ठी देऊन तसंच मतदान घेणार आहे.

माझी यादी आजच्या तारखेला अशी : पिक्चर 'कॉन्क्लेव्ह' (अदितीच्या शेजारच्या आजींवर विश्वास ठेवून), दिग्दर्शन कॉर्बेट, नट ब्रॉडी, नटी फर्नांडा टोरेस. १७ जानेवारीला इथेच येऊन ताडून बघतो.

आणि 'ऑल वी इमॅजिन' आपल्याकडे २२ नोव्हेंबरला येतोय असं वाचलं. आई लांज्याची आहे, पुण्यात येऊन ४० वर्षं झाली. तिला आत्ताच फोन करून पार्वतीचं सांगितलं, तर म्हणाली, "गावाला परत गेल्यावर घर उघडलं का गो तिने?" मेघाताई, उत्तर देऊ नका, आम्ही दोघं पहिल्याच दिवशी जातोय.