मदत हवी आहे: क्यूबाच्या ‘कोलोनो’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. क्यूबाचे बडे साखर कारखानदार हुलिओ लोबो यांच्यावर मराठीत लेख लिहितोय. जन्म १८९८, काराकासचा, वाढले हवानात. तिथे तब्बल १४ साखर कारखाने त्यांचे. क्रांतीनंतर, ऑक्टोबर १९६०मध्ये, नव्या सरकारातल्या चे गेव्हारांनी रात्री बोलावून घेतलं आणि सरकारजमा होणारा साखरधंदा तुम्हीच चालवा म्हणाले. लोबोंनी नकार दिला आणि देश सोडला. पुढे न्यूयॉर्कमध्ये पुन्हा व्यापार मांडला, तोही बुडाला. १९८३मध्ये माद्रिदला वारले. एवढा मोठा माणूस, पण परत हवाना दिसलं नाही, हे मनातून जात नाही.

माझे वडील साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा पाडणारे कारागीर होते. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन, उजेडाकडे धरून दाणा बघायचे. त्यामुळे तिकडच्या ‘साफ्रा’ला गळीत हंगाम हा शब्द लगेच सुचला. अडलंय ते ‘कोलोनो’पाशी. हा शेतकरी गिरणीला ऊस घालायचा आणि बदल्यात साखरेचा वाटा घ्यायचा. गिरणीत मात्र त्याची मालकी नसे. म्हणून ‘सभासद’ चालणार नाही, ‘ऊस उत्पादक’ फारच कोरडा वाटतो. सहकाराआधी, खाजगी कारखान्यांच्या काळात आपल्याकडे अशा शेतकऱ्याला काय म्हणत? नगर, सोलापूरकडच्या जुन्या जाणत्यांना विचारून सांगाल का?