अनुभव धागा: फिलाडेल्फियात चीजस्टेक कुठे खाल्लात?

ओसरी:
भाचीला इथल्या ड्रेक्सेल विद्यापीठात प्रवेश मिळाला, सप्टेंबरात येतेय. काल फोनवर तिचा पहिला प्रश्न राहायच्या जागेचा नाही की थंडीच्या कपड्यांचा नाही. "मावशी, खरा चीजस्टेक कुठे मिळतो गं?" म्हणजे लांबट पावात तव्यावर परतलेलं बीफ, कांदा आणि चीज. मी पोळ्या लाटत होते आणि एकदम तो तांबूस कांद्याचा वासच आला.

आम्ही इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीतली रात्र. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका इटालियन मित्राने आम्हाला गाडीत घातलं आणि साउथ फिलीत नाइन्थ स्ट्रीट आणि पॅसयंक अव्हेन्यूच्या चौकात आणून उभं केलं. एका बाजूला पॅट्स, समोर जीनोज, दोन्ही चीजस्टेकचीच दुकानं, दोन्हीकडे दिव्यांचा नुसता लखलखाट, चोवीस तास उघडं. खिडकीशी जायच्या आधी त्याने आमच्याकडून पाठ करून घेतलं. आधी चीज कुठलं ते सांगायचं, मग कांदा. 'विझ विट' म्हटलं की चीज विझ (बरणीतलं पातळ प्रक्रिया केलेलं चीज) आणि कांद्यासकट. पैसे हातात तयार ठेवायचे, मागे रांग असते. खिडकीतल्या माणसाला नवऱ्याचं बोलणं एका फटक्यात समजलं, परत विचारावं लागलं नाही. नवीन गावात त्याचंही किती अप्रूप वाटतं! उभ्यानेच खाल्लं, कोपरं टेबलावर टेकवून, पुढे वाकून. तसं नाही खाल्लं तर सगळा रस कोटावर.

भाचीला त्या चौकात एकदा रात्री नेणारच. पण चवीसाठी माझं मत रॉक्सबरोच्या दालेसान्द्रोजला. हेन्री अव्हेन्यूवर, १९६० पासून आहे. मांस अगदी बारीक केलेलं असतं, कांदा त्यातच मुरतो, प्रत्येक घासात सगळं येतं.

तुम्ही कुठे खाता, कोणाबरोबर खाल्लात, सगळं लिहा. बीफ न खाणाऱ्यांनीही लिहा, तिची रूममेट शाकाहारी आहे.

दक्षिणफिली:
अभिनंदन भाचीचं!
ताई, सगळे चीजवरून भांडतात आणि पाव बाजूलाच राहतो. वडापावात पाव शिळा असला तर वडा कितीही चांगला असो, काय उपयोग? इथेही तेच. बाहेरून जरा चिवट, आतून मऊ, रस पिऊन घेणारा पण फाटून हातात न येणारा पाव हवा. अमोरोसो बेकरीचे रोल सगळ्यांना माहीत आहेत. तीळ लावलेला कडक पाव आवडत असेल तर नाइन्थ स्ट्रीटवर सार्कोनीज ही १९१८ पासूनची बेकरी आहे.

आता माझं ठिकाण. अँजेलोज, तेही नाइन्थ स्ट्रीटवरच, इटालियन मार्केटच्या बाजूला. पाव स्वतः भाजतात, चीज कूपर शार्प नावाचं, जरा तिखटसर चवीचं अमेरिकन चीज. तव्याकडे नजर जाईल असं उभं राहा. रिबआयचे (बरगडीकडचं बीफ) पातळ काप पडतात, दोन उलथन्यांची खटाखट सुरू होते, कांदा आधीपासून एका कडेला परतत असतो. वर चीजच्या चकत्या. मग पाव उघडून त्या सगळ्यावर पालथा घालतात, तो वाफेवर जरा मऊ होतो, आणि खालून लांब उलथनं सरकवून एका झटक्यात सगळं उलटं. मी पोरांना फक्त ते बघायला नेतो.
रांग मोठी असते. शनिवारी जाऊ नका.

रात्रपाळी:
अँजेलोज +१
पण रात्री दोनला शिफ्ट संपल्यावर अँजेलोज उघडं नसतं. तेव्हा तो चौकच. माझ्यासारख्या नर्सेस, टॅक्सीवाले, मॅच बघून आलेली पोरं, सगळे एका रांगेत. मला जीनोजचा आवडतो, तिथे मांसाचे काप बरेचसे अख्खे असतात, चावायला मजा येते

एक्सटनची_नवी:
मी बीफ खात नाही. ऑफिसचं पहिलं टीम लंच चीजस्टेकचं होतं आणि आदल्या रात्री मला झोप नाही. तिथे गेल्यावर कळलं की चिकन चीजस्टेक जवळजवळ सगळीकडे असतो. चिकन, प्रोव्होलोन (इटालियन चीज), कांदा, वर तिखट लाँग हॉट मिरच्या. लाँग हॉट नक्की घ्या, भाजलेल्या असतात, कधी एखादी चांगलीच झणझणीत लागते. मॅनेजरने स्वतःहून विचारून माझा वेगळ्या कागदात आणवला होता. ते मी विसरले नाही.

पावशेर:
@एक्सटनची_नवी तवा एकच असतो बऱ्याच ठिकाणी. चालत नसेल तर आधी विचारून घ्या, गर्दी नसताना सांगितलं तर तवा खरवडून देतात.
शाकाहारी मुलीसाठी: सेइतानचा, म्हणजे गव्हाच्या ग्लूटेनचा चीजस्टेक इथे बऱ्याच ठिकाणी मिळतो, मश्रूमचाही मिळतो. फक्त प्रोव्होलोनबद्दल विचारायला सांगा. पारंपरिक प्रोव्होलोन वासराच्या किंवा कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्यांच्या जठरातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थाने लावतात. माझ्या बायकोला हे फार उशिरा कळलं आणि ती बिचारी दिवसभर हळहळत होती.

ओसरी:
अगं बाई, रेनेटचं माझ्या लक्षातच आलं नसतं. आत्ताच तिला लिहिते. धन्यवाद पावशेर. वहिनींना सांगा, मी समजू शकते.

जुनीपानं:
थोडा इतिहास लिहितो, धाग्याला शोभेल. १९३० मध्ये पॅट ऑलिव्हिएरी इटालियन मार्केटजवळ हॉट डॉग विकायचे. एक दिवस स्वतःच्या जेवणासाठी त्यांनी खाटकाकडून थोडं बीफ आणलं आणि हॉट डॉगच्या तव्यावर कांद्याबरोबर परतून पावात घातलं. एका टॅक्सीवाल्याला वास आला, त्याने तेच मागितलं. घरच्यांकडून सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे. भाऊ हॅरी बरोबर होतेच. तेव्हा त्यात चीज नव्हतं! प्रोव्होलोन नंतर आलं, आणि चीज विझ हा पदार्थच मुळी १९५० च्या दशकातला. त्यामुळे 'विझशिवाय तो खरा नाही' असं कोणी म्हणालं तर शांतपणे प्रोव्होलोन मागा. समोरचं जीनोज १९६६ चं.
आणि स्विस चीज मागू नका. २००३ मध्ये जॉन केरी पॅट्सला आले, स्विस मागितलं, आणि देशभर त्याची चर्चा झाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचे दिवस होते ते.

जर्सीकाठ:
मला जिम्सबद्दल लिहायचंय. साउथ स्ट्रीट आणि फोर्थचा कोपरा, काळ्या-पांढऱ्या टाइल्सचं ते दुकान. १९७६ पासून तिथे. लग्नानंतर आमची शुक्रवारची संध्याकाळ तिथलीच. न्यू जर्सीहून पूल ओलांडून यायचं, जिन्याने वर जाऊन खिडकीपाशी बसायचं, खाली साउथ स्ट्रीटची वर्दळ. मोठी लेक पोटात असताना मला दुसरं काही जात नव्हतं, एवढंच जायचं.
जुलै २०२२ मध्ये आग लागली. बातमी बघून मी ऑफिसात रडले. बरोबरच्यांना काय सांगणार, दुकान जळलं म्हणून रडतेय? पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मुद्दाम जाऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. फळ्या ठोकलेल्या होत्या. आमच्यासारखे आणखी लोक उभे होते, एक आजोबा आपल्या नातवाला ते कुठे बसायचे ते बोटाने दाखवत होते.
२०२४ मध्ये परत सुरू झालं. आता मोठं केलंय, पण कांदा तसाच भरपूर. लेक आता स्वतः ऑर्डर देते.

रात्रपाळी:
@जर्सीकाठ ताई, वाचून गलबलून आलं. आम्हीही आगीची बातमी वॉर्डमध्ये टीव्हीवर बघितली होती. सगळे गप्प झाले होते

बंदरावरचा:
वसईचा आहे, ख्रिस्ती, त्यामुळे बीफ खाण्या न खाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेळेचा. जहाज डेलावेअर नदीत धक्क्याला, शोअर लीव्ह काही तासांची. बहुतेकजण मॉलला पळतात. आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा प्रमुख) गोव्याचा, तो म्हणाला मॉल सगळीकडे असतो, चल. त्याने जॉन्स रोस्ट पोर्कला नेलं. स्नायडर अव्हेन्यू, नदीच्या अंगाला, भोवती गोदामं आणि रेल्वेचे रूळ. हेही १९३० चं. २००६ मध्ये जेम्स बिअर्ड हा खाद्यक्षेत्रातला मोठा अमेरिकन पुरस्कार मिळालाय. बाहेर बाकांवर हेल्मेटवाले कामगार जेवत होते, आम्ही बॉयलर सूट घालून गेलो असतो तरी कोणी वळून बघितलं नसतं.
एक चीजस्टेक आणि एक रोस्ट पोर्क घेऊन अर्धं अर्धं केलं. एकात दोघांचं पोट भरतं. पावाला तीळ. मी बेकरीवाल्याच्या घरातला आहे, पावाबद्दल वरच्या भाऊंनी लिहिलंय ते शंभर टक्के. वेळ बघून जा, ते रात्रीचं ठिकाण नाही.

दक्षिणफिली:
वा बोसन! जॉन्स म्हणजे जाणकाराचं काम. मी तर म्हणेन चीजस्टेकमध्येही तेच पहिले, अँजेलोज दुसरं. कालपर्यंत उलटं म्हणत होतो पण तुमचं वाचून दुपारी जाऊन आलो.

कोकणकडा_पीए:
आम्ही रत्नागिरीचे, हलाल खातो. ओसरीताई, भाची ड्रेक्सेलला आहे ना, मग वेस्ट फिलीत साद्स हलाल बघा, ४५ वा रस्ता आणि वॉलनट. तिच्या कॅम्पसवरून ट्रॉलीने जाता येतं. इथले बांगलादेशी, सेनेगाली, आपल्याकडचे, सगळे एका टेबलावर भेटतात. मी विद्यार्थी असताना रमजानमध्ये इफ्तारला तिथे जायचो. घरची फार आठवण यायची, तिथे बसलं की बरं वाटायचं. तिच्या वयाच्या मुलांना असं एक ठिकाण लागतंच.

ओसरी:
किती छान लिहिलंत. हे पहिल्याच आठवड्यात दाखवते तिला.

ठाणे_वेस्ट:
ब्रॉड स्ट्रीटवर रस्त्याच्या मधोमध गाड्या लावतात ते अजून चालू आहे का? मी आलो तेव्हा बघतच राहिलो होतो

दक्षिणफिली:
चालू आहे. पिढ्यान् पिढ्या लावतात. तुम्ही मात्र लावू नका, मीटर शोधा.

ठाणे_वेस्ट:
मी आता ठाण्यात आहे, इथे मधोमध रिक्षा असतात, हाहा. पण तुमचे प्रतिसाद वाचून भूक लागली. डब्यात दुधी आहे.

अधिवेशनवाली:
२००९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन फिलाडेल्फियात होतं, त्याला आम्ही ओहायोहून सासूबाईंना घेऊन आलो होतो. मधल्या वेळात रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ पासूनचा बाजार आहे तो, जुन्या रेल्वे स्टेशनच्या खालचा. सासूबाई ताज्या भाज्या आणि आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) बायकांच्या टोप्या बघण्यात रमल्या, मी डिनिक्स या सँडविचच्या गाळ्याच्या रांगेत. पोर्क, ब्रोकोली राब ही कडवट पालेभाजी, शार्प प्रोव्होलोन. चीजस्टेक नाही हे मान्य, पण फिलीचं खरं सँडविच हेच आहे असं मानणारे पुष्कळ भेटतील आणि मी त्यातलीच. चीजस्टेक हवा असेल तर त्याच बाजारात स्पटारोज. आमिश लोकांचे गाळे रविवारी बंद असतात, त्यांचे प्रेट्झेल हवे असतील तर रविवार सोडून जा. सासूबाई गेल्या त्या मागच्या वर्षी. त्या बाजारातून आणलेली लाकडी पळी अजून रोज वापरते.

जर्सीकाठ:
@अधिवेशनवाली 🙏 आम्हीपण होतो त्या अधिवेशनाला. कदाचित एकाच रांगेत उभ्या असू.

सुगरणपक्षी:
ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी. रिबआय फ्रीजरमध्ये पाऊण तास ठेवा, अर्धवट कडक झालं की पातळ काप पडतात. बिडाचा तवा चांगला तापवा. कांदा आधी मंद आचेवर परतून बाजूला. मांसाला फक्त मीठ, मिरी. गरम मसाला घालायचा मोह आवरा! चीज वितळलं की लगेच पावात भरा आणि लगेच खा, दहा मिनिटांनी तो पदार्थ राहत नाही. चिकनचं करणार असाल तर मांडीचं घ्या, छातीचं कोरडं पडतं. आपला लाडी पाव चालत नाही, सगळं गळतं. लांबट हिरो रोल घेऊन आतून जरा भाजा.

एक्सटनची_नवी:
शनिवारी करते. मांडीचं चिकन, नोंद केली.
ओसरीताई, भाचीला कोट लागणार असेल तर माझ्याकडे एक आहे, दोन हिवाळे वापरलेला, लहान मापाचा. व्यनि करते.

ओसरी:
अगं, देशील? तिचं माप लहानच आहे. मग तिला घेऊन तुझ्याकडे येते आणि तिथूनच आपण सगळ्याजणी जॉन्सला. गाडी कुठे लावायची तिथे?

दक्षिणफिली:
जॉन्सला बाजूलाच जागा आहे, अडचण नाही. चौकात किंवा अँजेलोजला जाणार असाल तर गाडी न्यायच्या फंदात पडू नका. ब्रॉड स्ट्रीट लाइनने, म्हणजे भुयारी रेल्वेने, एल्सवर्थ-फेडरल स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. आणि सप्टेंबरातल्या रविवारी जाण्याआधी ईगल्सची (इथला अमेरिकन फुटबॉल संघ) होम मॅच आहे का ते बघा.