डोक्यातली कामं कागदावर
घर-ऑफिस सांभाळणाऱ्या एका ताईंनी इथे लिहिलंय ना, की एकेक काम छोटंच असतं पण सगळी एकदम डोक्यात गर्दी करतात आणि मग एकालाही हात लागत नाही, ते अगदी पटलं. यात आळशीपणा अजिबात नाही हो. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच मांडलं होतं की झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. मग गॅसचं बुकिंग, शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज, आईच्या बीपीच्या गोळ्या, ऑफिसचे मेल, सगळंच अर्धवट असताना डोकं शांत कसं राहणार?

पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की काम झालं नसलं तरी ते कधी आणि कसं करणार हे पक्कं ठरवलं की ते सारखं मनात येणं कमी होतं. म्हणून मी कागदावर नुसतं 'आईची औषधं' लिहित नाही, 'उद्या घरी येताना स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून गोळ्या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आहे' असं लिहिते, आणि खरंच रात्री झोप बरी लागते.

पहाटे पाचला उठून ध्यान करा हा ताईंना इथे कुणी दिलेला सल्ला मात्र मला नाही पटला, घर-ऑफिस दोन्ही ओढणाऱ्या बाईला अजून एक काम कशाला देताय, त्यापेक्षा कामांची ती कागदावरची यादी फ्रीजवर लावा आणि नवऱ्याने, मुलांनी न सांगता त्यातली कामं उचलू देत.

आणि ताई, झोप, जेवण सगळंच बिघडलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.