यीस्टला कॅन्सर होत नाही, तरीही

‘पावाच्या यीस्टला कॅन्सर होतच नाही, मग त्यावरून माणसाचं काय कळणार?’ असं काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. आतड्याच्या आनुवंशिक कॅन्सरचा धागा यीस्टनेच हाती दिला. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारे एमएसएच२, एमएलएच१ हे जनुक १९९३ मध्ये यीस्टमध्ये निकामी केले, तेव्हा तीच तीच अक्षरं पुन्हा येणारे डीएनएचे तुकडे शेकडो पटींनी अस्थिर झाले. लिंच सिंड्रोमच्या, म्हणजे याच आनुवंशिक कॅन्सरच्या, गाठींतही हेच दिसत होतं. त्याच वर्षअखेरीस माणसातला एमएसएच२ सापडला.

आम्ही सांगलीचे. आत्याला पन्नाशीच्या आत हा आजार झाला. अहवालात एमएलएच१ मधला एक बदल होता, पुढे शेरा ‘अर्थ अनिश्चित’. सगळं घर त्या दोन शब्दांवर अडकून बसलं होतं. अशा वेळी यीस्ट कामी येतं: तोच बदल त्याच्या जनुकात करायचा आणि कॅनाव्हनिन हे विष घातलेल्या माध्यमावर ते वाढवायचं. दुरुस्ती बिघडली असेल तर उत्परिवर्तनं (डीएनएतले बदल) वाढतात आणि विषाला दाद न देणाऱ्या वसाहती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उगवतात. मात्र त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातली ती जागा माणूस आणि यीस्ट दोघांत सारखी असेल तरच हा पुरावा धरता येतो.