गाताना घशात गोळा येतो, काय करू?

निशिगंध:
मार्चपासून बाबा अंथरुणावर आहेत. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दिवसा मी, रात्री भाऊ, आणि बाबा झोपले की तेवढ्यात माझं ऑफिसचं काम. पूर्वी कितीही ताण असला तरी भांडी घासता घासता दोन गाणी म्हटली की मोकळं वाटायचं. आता दुसऱ्या ओळीलाच घशात गोळा येतो, आवाज चिरकतो. बाबांना कळू नये म्हणून मी नळ मोठा सोडते. एवढा एकच आसरा होता, तोही हातचा गेला. कुणाला असं झालंय का? पुन्हा कशा गायला लागलात?

खर्ज:
गळा बिघडलेला नाही तुमचा. रडू येताना शरीर जास्त हवा आत घ्यायला बघतं, म्हणून स्वरतंतूंमधली फट उघडी धरतं. गिळायला ती मिटावी लागते, सूर लावायलाही तंतू जवळ यावे लागतात. त्या ओढाताणीत गोळा जाणवतो.
सध्या शब्द सोडा, रडवतात ते शब्दच. ओठ मिटून, सोसेल त्या पट्टीत नुसता सा गुणगुणा. श्वास चार मोजून घ्या, आठ मोजून सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, आणि गाताना तो सोडणं आपसूक लांबतं. माझा भाऊ गेला तेव्हा दीड महिना मी फक्त सा लावत होते. रे पर्यंत जाववलंच नाही.

अवधूत_प:
नळ बंद करा, बाबांना ऐकू द्या! माझ्या आईला वाचाघात झाला होता. 'पाणी' म्हणता यायचं नाही, पण पाठ असलेल्या गाण्याचा मुखडा शब्दांसकट म्हणायची. बोलण्याचं काम बहुतेकांत मेंदूची डावी बाजू करते, गाण्यात उजवीचा मोठा वाटा असतो. यावर बेतलेली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी, म्हणजे शब्द सुरात म्हणत बोलणं परत आणायची पद्धत, 1973 पासून आहे. सगळ्यांनाच जमते असं नाही, पण वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारा जरूर.

मीरा२:
मी वर्षभर रोज रात्री एकच उदास गाणं ऐकत होते. त्याने हलकं वाटतंय असं वाटायचं, प्रत्यक्षात दुःख उगाळत होते. झोप उडाली तेव्हा समुपदेशकांकडे गेले. तुमची झोप होतेय ना?

निशिगंध:
मीरा, नाही होत. भावाशी बोलते आज.
खर्जताई, तीन दिवस नुसता सा लावला. काल नळ बंद ठेवला, बाबांच्या उशाशी बसले आणि त्यांचं आवडतं गाणं घेतलं. मुखड्याच्या शेवटच्या शब्दाआधी मुद्दाम थांबले. शब्द नाही आला. सूर आला, माझ्यापेक्षा बराच खाली. मग मी पट्टी उतरवली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं.