रणगाड्याच्या चाकांचं रबर रंगवायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो. सध्या १/३५ स्केलचा टी-५५ रणगाडा (प्लास्टिकचं मॉडेल) बनवतोय, डिसेंबर १९७१ मधल्या छांबच्या लढाईतला, आपल्या सैन्याचा. बाकी सगळं जमतंय, चाकांनी मात्र जीव खाल्लाय. एका बाजूला ५ चाकं, प्रत्येक दुहेरी, म्हणजे एकूण २० चकत्या. प्रत्येकीच्या कडेला रबराची पट्टी!

हिरवा रंग आधी मारला, मग चाक टूथपिकवर खोचून गोल फिरवत ब्रशने रबर रंगवलं. पहिली तीन चाकं झकास आली. चौथ्याला ॲक्रिलिक रंग पातळ झाला आणि रबर नि धातूच्या मधल्या खाचेतून हिरव्यावर ओघळला. पुसायला गेलो तर खालचा हिरवाही निघाला. उरलेल्यांना हात लावायचा धीर होत नाहीये.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगची वर्तुळांची पट्टी मास्क म्हणून वापरून स्प्रे कुणी केलाय का? की आधी रबराचा रंग द्यावा आणि हिरवा नंतर? निव्वळ काळा रंग मला पटत नाही, चाक खेळण्यातलं वाटतं. काळ्यात करडा किती मिसळता?

आणखी एक, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) देण्याआधी वार्निश किती वेळ सुकू द्यावं? इथे आषाढातला पाऊस चालू आहे, हवा इतकी दमट की काल सकाळी मारलेलं वार्निश रात्रीही बोटाला चिकटत होतं. घाईत टर्पेंटाइनचा वॉश दिला आणि आसाचं प्लास्टिक तडकलं, तर नवे आस कुठून आणू? ज्यांनी केलंय त्यांनी चाकांचे जवळून काढलेले फोटो टाकले तर फार उपकार होतील.